रुमालाखालचा भाव

चाळीस वर्षं हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे मी.
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत असताना
समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं,
एवढं मला कळतं.
पण या पडद्यावरच्या भावाला बोटंच नाहीत.

रात्री साडेदहाला, दा नांग ते हनोई,
अकरा लाख चाळीस हजार डोंग.
शून्यांना भ्यायचं नाही, असं पुतण्या सांगून गेलाय,
आपले चार हजारसुद्धा होत नाहीत.
पाणी पिऊन आलो तर बारा लाख दहा.
एवढ्यात कुणी ओढलं वर?
सांगलीत तर कुत्रीपण झोपलीत.

त्रिशला म्हणाली, तुम्ही सारखं सारखं बघताय,
त्याला कळलं, गिऱ्हाईक गरजू आहे.

मग तीन दिवस मी तिकडं फिरकलो नाही,
आडमुठ्या खरेदीदारासमोरून
छत्री झुलवत निघून जावं तसा.
हे पहिल्यांदाच पाहिलं:
आपण निघून गेलो
तरी कुणी मागून हाक मारत नाही.

व्हिएतनाम आठ दिवसांचा. त्यातले दोन जाण्यायेण्यात.
आगगाडीनं सोळा तास, म्हणजे आणखी एक दिवस रुळांवर.
आणि आमच्या गावची धावपट्टी कवलापूरला.
तिथं मी पुतण्याला स्कूटर शिकवली होती.
आम्ही वळलो तेव्हा गवतातून एक टिटवी ओरडत उठली,
तेवढंच उड्डाण मला आठवतं.

चौथ्या रात्री नऊ लाख.
दुपारी चार चाळीसचं. माणशी सात किलो, तेही हातात धरून.
खाणं विकत.
मी बोट टेकवणार, तर ती विचारते,
तिकडं दिवस मावळतो कधी?
बघितलं. मार्चमध्ये सहाला.
मग घ्या, म्हणाली. वरच जेवू.

पिशवी मी नुसती उचलून सांगितली, सहा नऊशे.
काट्यानं ऐकलं माझं.
बिनलसणाच्या भडंगाचं एक बरं असतं,
जागा खातं, वजनात येत नाही.

पुढचं यार्डात कुणाला पटत नाही.

विमान उशिरा आलं. मग उशिरा निघालं.
धावपट्टीच्या टोकाला रांगेत उभे असताना
डाव्या खिडकीत डोंगरामागं सूर्य गेला.
सहा तीन. मी घड्याळ बघितलं होतं.
त्रिशलानं डब्याचं झाकण पुन्हा दाबलं,
काही बोलली नाही.
नऊ लाखांत काय काय येत नाही
ते मी मनात मांडत बसलो.

मग चाकं सुटली, कानात दडे बसले,
आणि डोंगराच्या मागून तो परत वर आला.
तोच. लालभडक, थोडा चेपलेला.
खाली रस्त्यांवर दिवे लागत होते,
इकडं तिच्या नथीवर ऊन.

अहो, उगवला.

तसं नसतं ते, आपण उंच गेलो म्हणून दिसतोय.
उगवला म्हणजे उगवला, ती म्हणाली,
आणि झाकण उघडलं.

दहा-बारा मिनिटं असेल. ती घाईनं खात होती,
शेंगदाणे आधी, हळदीनं बोटं पिवळी,
मध्येच खिडकीकडे बघत,
दुकान बंद करणाऱ्याकडे बघतात तसं.
मला तिनं रुमाल दिला मांडीवर पसरायला.
त्याखाली माझा हात धरला,
तीन बोटं दाबली, मग सोडून एक.
कसला भाव तो, मी विचारलं नाही.

मी खाल्लं नाही.
मी त्याला जाताना बघितलं होतं.
एका तारखेला दोन सूर्यास्त
कीर्दीत कुठल्या बाजूला घालायचे,
मला अजून सुचत नाही.

माझा वाटाही तिनंच संपवला.
उतरताना पिशवी उचलली,
सहा किलो. थोडी कमीच.